झाकली मूठ : व्यसनमुक्तीच्या इतिहासातून थोडेसे

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर आम्ही काही जण प्रसादाच्या पिशव्या भरत होतो. मंडळातल्या एक वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर ना? एक विचारायचं होतं. माझ्या एका मैत्रिणीचे मिस्टर रोज घेतात. आता सकाळीसुद्धा. इथे कुणाकडे नेता येईल?" मी रसायनशास्त्राचा डॉक्टर. माझ्या पदवीने कुणाचा ताप उतरत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "बरं, राहू दे. कुठे बोलू नका हं," एवढे म्हणून त्या निघून गेल्या. मैत्रीण कोण, हे मी विचारले नाही. पण त्या रिकाम्या हाताने परत गेल्या याची रुखरुख राहिली. त्या रुखरुखीपोटी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, ते थोडक्यात मांडतो.

दारूविरुद्ध बोलणे मराठी समाजाला नवे नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन केले. १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावे घरोघरी पोचली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. ती नंतर सैल झाली, पण पिण्याच्या परवान्याची अट महाराष्ट्रात आजही कागदावर आहे.

या साऱ्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण त्यांचा रोख दुकानावर, बाटलीवर नाहीतर माणसाच्या चारित्र्यावर होता. ज्याला सोडायची आहे आणि सुटत नाही, त्याने जायचे कुठे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. 'एकच प्याला' या दृष्टीने पुन्हा वाचावे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. नोकरी मागायला ओळखीच्यांकडे जातो, तिथे अपमान पदरी पडतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सिंधू सगळे मुकाट्याने सोसते. आपण पिढ्यान्‌पिढ्या सिंधूच्या सोसण्याचे कौतुक केले. सुधाकर परत का घसरला आणि त्या वेळी त्याच्या सोबत कोण होते, हे मात्र फारसे विचारले नाही.

ते विचारणारे लोक अमेरिकेत निघाले. १९३५ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने पुरते पोळलेले. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणी बोलले की दोघांचाही आजचा दिवस कोरडा जातो, हा अनुभव त्यांना आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे ए. ए. ही चळवळ उभी राहिली. फी नाही, आडनाव नाही. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. शिक्षा आणि उपदेश यांच्या जोडीला उपचार हा शब्द आला.

गर्दच्या बाबतीत आमच्या रसायनशास्त्राला मान खाली घालावी लागते. अफूतल्या मॉर्फिनपासून हेरॉइन प्रथम १८७४ साली लंडनच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९८ पासून बायर कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून विकले. त्याचेच अशुद्ध, तपकिरी रूप म्हणजे ब्राऊन शुगर. १९७९ नंतर इराण आणि अफगाणिस्तानात उलथापालथ झाली, तशी ही पूड मोठ्या प्रमाणावर मुंबईत उतरू लागली आणि तिथून पुण्यात आली. चांगल्या घरांतली कॉलेजची मुले चंदेरी कागदावर ती ओढू लागली. घरातली भांडी, दागिने नाहीसे होऊ लागले, तेव्हा कुठे आईबापांना पत्ता लागला. सरकारने १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा केला. पण मुलगा घरात तळमळत पडला असताना कायद्याचे पुस्तक काय कामाचे?

मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले होते. ए. ए. च्या पद्धतीला त्यांनी योगासनांची जोड दिली. पुण्यात पत्रकार अनिल अवचट यांच्या एका मित्राचाच मुलगा गर्दमध्ये अडकला. अवचटांनी त्या जगात फिरून लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. नुसते वाचून हळहळण्यापेक्षा काहीतरी उभे करा, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. 'येरवड्याला पाठवा' ही ज्या भाषेत थट्टा होती, त्या भाषेतल्या लोकांसाठी त्याच येरवड्यात एक दार उघडले, हे मला फार बोलके वाटते.

मुक्तांगणने काय वेगळे केले? औषध देऊन शरीरातले विष उतरवणे हा उपचाराचा लहानसा भाग मानला. खरा भाग पुढचा. साधारण पाच आठवडे निवासात राहायचे, ठरलेली दिनचर्या पाळायची, गटात बसून बोलायचे. समुपदेशक बहुतेक असे, जे स्वतः या वाटेने गेले आणि बाहेर आले. तुझे बहाणे मला माहीत आहेत, मीही तेच करत होतो, असे सांगणाऱ्यापुढे खोटे चालत नाही. घरच्यांनाही उपचारात घेतले. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट केला, कारण वर्षानुवर्षे झाकपाक करून बायकोही आजारी पडलेली असते. स्त्री रुग्णांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी गेल्यावरचा पाठपुरावा. गावोगावच्या बैठका, आणि पुन्हा घसरलेल्याला पुन्हा दार उघडे. डॉ. अनिता अवचट १९९७ साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले.

आता आपल्याकडे वळू. इथे नोकरी, घर आणि व्हिसा एकाच दोरीला बांधलेले असतात, त्यामुळे भीती जास्त. दारूबद्दलचा कायदा नोव्हेंबर २०२० मध्ये सैल झाला. परवानगीच्या ठिकाणी, वयाच्या २१ वर्षांनंतर, वैयक्तिक परवाना नसताना पिणे हा गुन्हा राहिला नाही. पिऊन गाडी चालवण्याला मात्र माफी नाही आणि शारजात दारूबंदी कायम आहे. अमली पदार्थांचा कायदा कडक आहे, पण त्यातही एक दार आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९५ च्या कायद्यातही, पकडले जाण्याआधी आपण होऊन उपचारासाठी येणाऱ्यावर खटला न भरण्याची तरतूद होती. २०२१ च्या नव्या कायद्याने ती आणखी रुंद केली. आता पती, पत्नी किंवा जवळचे नातेवाईकही असा अर्ज करू शकतात. म्हणजे दार आपण ठोठवायचे, पोलिसांनी आपले दार ठोठवण्याआधी. अटी वकिलाकडून समजून घ्याव्यात, पण उशीर करू नये.

उपचारांसाठी अबू धाबीत २००२ पासून राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र आहे. दुबईत व्यसनांसाठीच काढलेले 'इरादा' केंद्र आहे, 'अल अमल' हे सरकारी मनोरुग्णालय आहे, शिवाय खाजगी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. कुणाला घेतात, खर्च किती, विम्यातून किती मिळतो, हे आधी फोनवर विचारावे. ए. ए. च्या बैठकाही दुबईत भरतात. पुण्यामुंबईला नेणे अनेकांना परवडते आणि भाषाही आपली असते. तसे करायचे तर परतल्यानंतरच्या पाठपुराव्याची सोय निघण्याआधीच करावी. "चार महिने गावी पाठवला, सुधारला" म्हणून निश्चिंत झालेल्या घरांची फसगत बहुधा इथेच होते.

एक इशारा रसायनशास्त्र्याच्या नात्याने देतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. मेंदू तिला सरावलेला असतो. सहा ते चोवीस तासांत हातांना कंप आणि घाम सुटतो, पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. देवापुढे शपथ जरूर घ्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. तसेच कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या इथे नियंत्रित आहेत. भारतातून आणायच्या असतील तर आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी.

शेवटी आपल्या मंडळाबद्दल. अल बर्शात आपण मोजकी घरे. मॉलमध्ये, शाळेच्या बसथांब्यावर, लिफ्टमध्ये तीच माणसे भेटतात. म्हणून प्रत्येक जण मूठ झाकून बसतो, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ॲक्रनला सुरुवात दोघांनी केली आणि पुण्यात मूठभर मित्रांनी. लहान समाजात लाज मोठी असते हे खरे, पण रात्री अकराला फोन केला तर दहा मिनिटांत दारात येणारा माणूसही लहान समाजातच मिळतो. सुधाकरला तेवढाच एक माणूस हवा होता.

माझी सूचना साधी आहे. कार्यकारिणीने दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशा चार विश्वासू सभासदांना हे काम द्यावे. त्यांनी केंद्रांची ताजी माहिती जवळ ठेवावी, नाव विचारू नये, आणि ऐकलेले चहाच्या टेबलावर आणू नये. उपचार घेऊन आलेल्या सभासदाला पुढच्या कार्यक्रमात नेहमीसारखे खुर्च्या लावायला, पेटी वाजवायला बोलवावे. आणि आपल्या पार्ट्यांत "अरे, एकाने काय होतंय?" हा आग्रह बंद करावा. हे शेवटचे काम तर फुकट आहे आणि आजपासून होण्यासारखे आहे.

त्या वहिनी हा अंक वाचतीलच. वहिनी, त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. आज थोडे आहे. मैत्रिणीला सांगा, केव्हाही फोन करा. आम्ही कुठे बोलणार नाही.