मळसूत्राचे नाव आणि प्रामाण्याचा प्रश्न

छोट्या विमानाच्या इंजिनावर काउलिंग नावाचे जे आवरण असते, ते तपासणीच्या वेळी काढावे लागते व पुन्हा बसवावे लागते. त्यात एखादे मळसूत्र हरवते, एखाद्याच्या माथ्यावरील खाच झिजते आणि त्याच्या जागी दुसरे घालणे प्राप्त होते. हे दुसरे मळसूत्र कोणते, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिराचा दिसतो. तथापि त्याच्या मुळाशी प्रामाण्याचा प्रश्न आहे. योग्य वस्तू ठरवावयाची ती जुन्या वस्तूशी ताडून, की तिच्या लिखित नावावरून? या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील कारखान्यांचे आटे परस्परांशी जुळत नसत. जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतील नमुने गोळा करून त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे एकरूप आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंश ठरला. अनेक बोलींतून एक प्रमाणभाषा सिद्ध व्हावी, तसाच हा प्रकार होय. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने ६० अंशांचा व सपाट माथ्याचा आटा सुचविला. तो घडविण्यास सोपा होता. अशा रीतीने दोन प्रमाणभाषा झाल्या. पाव इंची मळसूत्राला दोन्हींत इंचामागे २० आटे, कोन मात्र भिन्न. अर्धा इंचीला एकीत १२, तर दुसरीत १३. पहिल्या उदाहरणातील साम्य अधिक फसवे आहे, कारण तेथे डोळ्याला संशयच येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या द्वैताची किंमत कळली. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन इंजिने बांधण्याचे काम घेतले, तेव्हा त्यांतील ब्रिटिश आटे तसेच राखावे लागले आणि ते पाडण्याची हत्यारेही स्वतंत्रपणे तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकीकृत आट्यास मान्यता दिली.

आटा एक झाला, तरी मळसूत्र एक झाले नाही. माथ्याचा आकार, धातू, लांबी हे भेद उरतातच आणि ते सर्व नावात सामावावे लागतात. अमेरिकी सैन्यदलांच्या मानकांतून आलेले ‘एएन ५२६ सी १०३२ आर ८’ हे नाव पाहावे. ‘५२६’ हा रुंद, बसक्या माथ्याचा प्रकार. ‘सी’ म्हणजे न गंजणारे पोलाद. ‘१०३२’ म्हणजे दहा क्रमांकाचा व्यास व इंचामागे ३२ आटे. ‘आर’ म्हणजे माथ्यावर फुलीची खाच. शेवटचा ‘८’ म्हणजे सोळांशांत मोजलेली लांबी, अर्थात अर्धा इंच. येथे एकही वर्ण निरर्थक नाही. पाणिनीय सूत्राच्या अभ्यासकास ही काटकसर परिचित वाटेल. बाजारातील मळसूत्र दहा क्रमांकाचेच पण २४ आट्यांचे असू शकते. ते बळाने फिरविल्यास आतील ३२ आट्यांची चाकी खराब होते. पत्र्यात बुडणाऱ्या माथ्याचा कोन विमानात सामान्यतः १०० अंश असतो, बाजारी मालात पुष्कळदा ८२. असा माथा खळग्यात नीट टेकत नाही.

नाव बाजूस ठेवून वस्तूशी वस्तू ताडल्यास काय होते, हे १० जून १९९० रोजी दिसले. बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची पुढील काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले व सर्वांचे प्राण वाचले. ही काच आदल्याच दिवशी बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच बारीक, तर उरलेले ६ लांबीने ०.१ इंच तोकडे निघाले. हवे होते ‘ए२११-८डी’; बसले ‘८सी’. या नावात अंक लांबीचा आणि अक्षर व्यासाचे निदर्शक आहे. एका वर्णाने अर्थ पालटावा, असे हे भेदयुग्म. विशेष म्हणजे जुना बोल्ट समोर धरून नवे बोल्ट नजरेने निवडले गेले होते आणि तो जुना बोल्ट स्वतःच तोकडा, ‘७डी’ होता. म्हणजे नमुनाही अशुद्ध आणि नक्कलही अशुद्ध.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ही परिस्थिती नवी नाही. हाताशी असलेली पोथी जुनी आहे, एवढ्याने ती शुद्ध ठरत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते प्रतींत अपपाठ शिरले होते म्हणूनच. अनेक मालकांच्या हातून गेलेल्या विमानाचे आवरण अशीच एक बहुहस्त प्रत असते. त्यावरील मळसूत्र फार तर पूर्वी कोणी काय बसविले याची साक्ष देते. काय बसवावयास हवे होते हे ते सांगू शकत नाही. ते निर्मात्याच्या भागसूचीतूनच काढावे लागते. वस्तू साक्षी आहे, प्रमाण नव्हे. हा विवेक सुटला की चूक परंपरा होऊन बसते, आणि मग तिच्याकडे चूक म्हणून कोणी पाहतही नाही.