मुतखड्याच्या अभ्यासाला लागताना

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचे नेमके वर्णन सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सापडते. सेवनीच्या, म्हणजे गुदद्वाराच्या पुढे मधोमध दिसणाऱ्या शिवणीच्या, डाव्या अंगाला जवाएवढी जागा सोडून छेद घ्यावा, खडा फुटू देऊ नये, कारण चुऱ्याचा कण जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो, असे तिथे बजावले आहे. लेसरने खडा फोडणारे आजचे सर्जनही उरलेल्या कणांचीच धास्ती घेतात. हा आजार बहुधा मुलांना होतो, असेही सुश्रुत सांगतो. त्यावर आजचा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. त्याच्या ओपीडीत कळवळत येतात ते बहुतेक तिशी-चाळिशीतले. सुश्रुताने वर्णिलेले खडे मूत्राशयातले होते. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या, दूध-मांस न मिळणाऱ्या गरीब मुलांना ते होत. पोषण सुधारले तसे ते मागे हटले आणि मूत्रपिंडातल्या खड्यांचे दिवस आले.

लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार साकळतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, काही युरिक ॲसिडचे, काही जंतुसंसर्गातून वाढलेले. ती घट्ट का होते हे कळायला निपाणीकडे पाहा. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान कापायचे, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. उठले की हिशेब मागे पडतो, म्हणून पाणी बेतानेच. उसाच्या फडात तोडणीला आलेलीला आडोसा नसतो, तीही तहान मारते. मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्या, हा सल्ला बिनचूक आहे. पण संडासाची सोय नसेल तर त्या सल्ल्याची चिठ्ठी खिशातच राहते. या भागात प्रतिबंधाची सुरुवात तिथून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाण्यापिण्याबद्दलचे समज इथे पुष्कळ. बोअरच्या जड पाण्यावर सगळे खापर फुटते, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. दूध तोडणे तर उलटच: अन्नातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते, ते कमी केले की ऑक्झलेट जास्त शोषले जाते. कमी करायचे ते मीठ, आणि लोणचे-पापड वाढताना नेमके तेच कुणाला आठवत नाही. हुलग्याचे माडगे जरूर प्यावे, पोटात पाणी तरी जाते. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. श्रेय मात्र माडग्याला मिळते.

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 1976 मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून नळी घालून मूत्रपिंडातला खडा काढण्याची पद्धत आली, 1980 मध्ये म्युनिकमध्ये बाहेरून आघात-लहरींनी खडा फोडला गेला. पोटावर मोठी चीर देणे आता क्वचितच लागते. बेळगावातल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या मूत्रशल्य विभागाने तर शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवरही दुर्बिणीने अशा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यावर शोधनिबंध लिहिले.

मुलांच्या बाबतीत खडा काढून काम संपत नाही. लहान मूल कंबर धरून कळ सांगत नाही. नुसते पोट दुखते, लघवी लालसर होते, ताप वारंवार येतो. खड्याची आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी हवीच. आणखी एक प्रश्न संकोच सोडून विचारावा: आईवडील नात्यातले का? आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी. सिस्टिन्युरिया किंवा प्राथमिक हायपरऑक्झलुरिया असे खडे घडवणारे जन्मजात दोष सहसा आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच उमटतात, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. यातला दुसरा वेळीच ओळखला नाही तर मूत्रपिंडे निकामी होतात.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. डॉक्टर नसलात तरी अडणार नाही. मात्र घरात कुणाला कळ येत असताना थंडी वाजून ताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर हे पुस्तक मिटा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा.