पोर्तुगीज गोव्यातील फुटबॉल नियामक संस्था : सत्तांतर आणि सातत्य

प्रस्तावना

तारापूर व वसई ही ठाणी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. मात्र पालघरच्या उत्तरेस असलेले दमण, तसेच गोवा व दीव हे प्रदेश १९६१ पर्यंत त्याच सत्तेखाली राहिले. या वसाहतीच्या राज्याला पोर्तुगीज 'एस्तादो द इंडिया' म्हणत. त्याचा राजकीय व धार्मिक इतिहास बराच लिहिला गेला. क्रीडाप्रशासनाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एखादी राजवट संपुष्टात आल्यावर तिने उभारलेल्या क्रीडासंस्थेचे काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात गोव्यातील फुटबॉलच्या आधारे केला आहे.

शासनापूर्वीचा खेळ

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीज शासनाने आणला नाही. १८८३ मध्ये ब्रिटिश धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली येथे हा खेळ सुरू केला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे चर्चच्या शाळांतून आणि गावोगावच्या मैदानांवरून तो रुजला. दुसरीकडे मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. नोकरीनिमित्त मुंबईत आलेले गोमंतकीय कारकून, वादक व खलाशी आपापल्या गावांच्या 'कुडां'त राहत. त्यांच्या येण्याजाण्यामुळे मुंबई व गोवा यांच्यातील क्रीडासंबंध दृढ झाले. म्हणजेच नियामक संस्था येण्यापूर्वी गोव्यात खेळाडू, मैदाने आणि प्रेक्षक हे तिन्ही घटक अस्तित्वात होते.

नियमन आणि राजकीय हेतू

१९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असे जगाला सांगण्याचा हा प्रयत्न होता. त्याच वर्षी पोर्तुगीज भारतासाठी 'कॉन्सेल्यो द देस्पोर्तोस', म्हणजे क्रीडा परिषद, स्थापन झाली आणि फुटबॉल स्पर्धांचे आयोजन तिच्याकडे आले. या दोन घटनांचा मेळ केवळ योगायोगाचा मानणे कठीण आहे. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले. याच काळात, १९५५ मध्ये मोझांबिकमधील फेरोव्हियारिओ आणि १९६० मध्ये लिस्बनचा बेनफिका, हे संघ गोव्यात खेळून गेले. भारताशी व्यवहार तुटलेला असताना गोवा पोर्तुगीज विश्वाशी जोडलेला आहे, हे दाखवण्याचे काम फुटबॉलकडून करून घेतले जात होते.

२२ डिसेंबर १९५९ रोजी फुटबॉलसाठी 'असोसिआसाव द फुतबॉल द गोवा' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. संघटनेला दोन वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असतानाच पोर्तुगीज राजवट संपली.

सीमेपलीकडचे खेळाडू

या संस्थांची मर्यादा खेळाडूंच्या नावांवरून स्पष्ट होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा गोमंतकीय वंशाचे होते. ते मुंबईत खेळले आणि भारतातर्फे मैदानात उतरले. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे गोमंतकीय फॉर्च्युनाटो फ्रँको १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारतीय संघात होते आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही होते. गोवा पोर्तुगालचा असल्याचे शासन सांगत होते, त्या वेळी गोमंतकीय खेळाडू भारताचा गणवेश घालत होते.

सत्तांतरानंतर

इतरत्र अशा संस्थांची गती निराळी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीपासून वेगळ्या झालेल्या सार प्रदेशाच्या फुटबॉल संघटनेला १९५० मध्ये फिफाचे सदस्यत्व मिळाले होते. प्रदेश पश्चिम जर्मनीत सामील होताच ते संपले आणि ती प्रादेशिक संघटना म्हणून उरली. पूर्व जर्मनीचा महासंघ नोव्हेंबर १९९० मध्ये विसर्जित झाला. गोवा मात्र स्वतंत्र राष्ट्र नव्हते व फिफाचे सदस्यही नव्हते. त्यामुळे गमावण्यासारखे आंतरराष्ट्रीय स्थान नव्हते. संघटनेने 'गोवा फुटबॉल असोसिएशन' हे नाव घेतले आणि ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची घटक बनली.

तिच्या स्वतंत्र अस्तित्वाला १९६७ च्या जनमत कौलानेही अप्रत्यक्ष आधार दिला. विलीनीकरणाचा कौल लागला असता, तर गोव्याचा फुटबॉल मुंबईतील संघटनेच्या कक्षेत जाण्याचा संभव होता. तसे झाले नाही. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसह संतोष करंडक संयुक्तपणे जिंकला आणि १९८४ मध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली तो एकट्याने पटकावला. १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले. त्यापूर्वीच फुटबॉलच्या नकाशावर त्याची स्वतंत्र ओळख प्रस्थापित झाली होती.

निष्कर्ष

पोर्तुगीज शासनाने फुटबॉलचे नियमन आपली सत्ता न्याय्य ठरवण्यासाठी केले, असे १९५१ पासूनचा घटनाक्रम सुचवतो. तो हेतू सफल झाला नाही. तरीही संघटना टिकली. याचे कारण तिचा खरा आधार शासन नसून गावची मैदाने व तेथील संघ हा होता. कागदावर संघटना शासनाने उभारली असली, तरी तिला आयुष्य खेळणाऱ्या समाजाने दिले. वसाहतकाळातील संस्थांचे मूल्यमापन करताना त्या कोणी व कशासाठी स्थापन केल्या, याबरोबरच नंतर त्या कोणी आपल्याशा केल्या, हेही तपासणे आवश्यक आहे.