वैद्यकीय अभिलेख विभाग

वैद्यकीय अभिलेख विभाग हा रुग्णांच्या केसपेपरांचे संकलन, वर्गीकरण व जतन करणारा रुग्णालयातील विभाग होय. व्यवहारात त्यास 'रेकॉर्ड रूम' म्हणतात. मागितलेला कागद किती वेळात हाती येतो, यावर त्याची कार्यक्षमता ठरते.

प्रत्येक भेटीत नवा क्रमांक दिल्यास रुग्णाचा पूर्वेतिहास अनेक गठ्ठ्यांत विखुरतो. म्हणून रुग्णास एकच कायम क्रमांक देणे इष्ट. फाइली लावताना अंत्यांक पद्धत सोयीची ठरते. तीत क्रमांक उजवीकडून वाचतात: २४-६८-३५ ही फाइल ३५ क्रमांकाच्या विभागात, ६८ च्या कप्प्यात, २४ व्या स्थानी असते. नव्या फाइली शंभर विभागांत विभागल्या गेल्याने एकाच रॅकवर गर्दी होत नाही. बाहेर नेलेल्या फाइलीच्या जागी नोंदचिठ्ठी ठेवणे हा उपाय अगदी साधा, आणि बहुधा म्हणूनच दुर्लक्षित आहे.

विलंबाची झळ विमा किंवा अपघात-भरपाई मागणाऱ्या कुटुंबास बसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचारारंभापासून ३ वर्षे जपणे व मागणीनंतर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापनासाठी आजारनिहाय फाइली काढाव्या लागतात. त्याकरिता आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे संकेतांक उपयोगी पडतात. आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील १४ अंकी 'आभा' क्रमांकाने निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडता येतात. जुने कागद मात्र सूचीबद्ध केल्याशिवाय त्यात येत नाहीत.