बाहेरचा पंखा आणि तुरिनचे प्राध्यापक

घरातली वीज मोटार फिरवू शकते, पण ती आपणहून सुरू करू शकत नाही. वाक्य विचित्र वाटेल, पण खरं आहे. आपल्याकडे येते ती सिंगल फेज वीज. तिच्यामुळे मोटारीतलं चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा नुसतं पुढे-मागे होत राहतं. गोल फिरायला दिशा लागते, ती त्यात नसतेच. मग मोटार जागच्या जागी गुणगुणत बसते.

ही अडचण सुटायची वाट सापडली १८८५ साली, इटलीतल्या तुरिन शहरात. गॅलिलिओ फेरारिस हे तिथले प्राध्यापक. त्यांनी तारेची दोन वेटोळी एकमेकांशी काटकोनात ठेवली आणि दोन्हींत वीज सोडली, पण एकातली लाट दुसऱ्यापेक्षा थोडी मागे ठेवून. एकाचा जोर ओसरतो, तोवर दुसऱ्याचा चढतो. झालं! चुंबकत्व गोल फिरायला लागलं आणि मधलं तांब्याचं नळकांडं, कुणी हात न लावता, त्याच्यामागे फिरू लागलं.

मार्च १८८८ मध्ये फेरारिसांनी तुरिनच्या विज्ञान अकादमीपुढे यावर निबंध मांडला. १ मे १८८८ ला अमेरिकेत निकोला टेस्लाला अशाच मोटारीची पेटंटं मिळाली. तो स्वतंत्रपणे तिथवर पोचला होता. टेस्लाचं नाव जगभर झालं. फेरारिसांनी पेटंट घेतलंच नाही. गंमत म्हणजे त्यांच्या हिशेबाप्रमाणे या मोटारीत निम्मी शक्ती तरी वाया जाणार होती, म्हणून कारखान्यांना तिचा उपयोग नाही असं त्यांचं मत होतं!

आता हे सगळं आठवायचं कारण. नागपूरचा मे महिना. बाबा ८२ वर्षांचे, नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की यांना उन्हाळा बाधता कामा नये. नेमका तेव्हाच एसी रुसला. पाच-सात मिनिटं गार हवा, मग नुसता वारा. थोड्या वेळाने पुन्हा गार, पुन्हा वारा. एक मेकॅनिक आला, गच्चीवर न जाताच "गॅस गेला" म्हणाला आणि काही हजारांचा आकडा सांगून गेला.

मग आमच्या ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बाहेरचा पंखा फिरून राहिला का?" गच्चीवर गेलो. कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, पंखा मात्र ढिम्म. खोलीतली उष्णता बाहेर फेकायचं काम त्या पंख्याचं. तो थांबला की कॉम्प्रेसर तापतो, स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि निवला की पुन्हा चालू होतो. पाच मिनिटांच्या गारव्याचं कोडं तिथेच सुटलं.

काकांनी मेन स्विच बंद केला, पातं हाताने फिरवून पाहिलं. हलकं फिरलं, म्हणजे बेअरिंग ठीक. मग वीज चालू करून जाळीतून एक बारीक लाकडी काडी घातली आणि पात्याला ढकललं. पंखा सुरू! बंद करून उलट्या बाजूने ढकललं, तर तो उलटा फिरू लागला. काका म्हणाले, "पाहा, याला दिशाच समजत नाही. कंडेन्सर गेला."

मी बघतच राहिलो. फेरारिसांचा अख्खा निबंध एका काडीवर! दुसऱ्या वेटोळ्यातली वीज पुढे-मागे करून दिशा देण्याचं काम आपल्या पंख्यात ती छोटी डबी करते. सीलिंग फॅन रेंगाळला की आपण तीच बदलतो. (नव्या बीएलडीसी पंख्यांचं तंत्र वेगळं.)

या डबीचा पूर्वज म्हणजे १७४५-४६ ची लायडनची बरणी, वीज साठवणारी. फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने १७४६ साली राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभं केलं, बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली आणि सगळे एकदम उडाले. म्हणूनच काकांनी स्विच बंद केल्यावरही डबीला हात लावला नाही. आधी टेस्ट लॅम्पची टोकं टेकवून उरलेली वीज काढून टाकली, मगच तेवढ्याच मायक्रोफॅरडची आणि व्होल्टची नवी डबी बसवली. खर्च गॅसच्या आकड्यापुढे किरकोळ. बाबा त्या दुपारी शांत झोपले.

काकांनी फेरारिसांचं नाव कधी ऐकलेलं नाही. पण प्राध्यापकांनी कुलूप न लावता ठेवलेलं ज्ञान त्यांच्या हातात अगदी नीट पोचलंय. निम्मी शक्ती वाया जाईल हा हिशेब चुकला, पण पुढे त्या मोटारीने कारखाने चालवले, आणि आमच्या घरी एका म्हाताऱ्या माणसाचा उन्हाळा सुसह्य केला.

तर मंडळी, घरात वयस्कर माणसं असतील तर "गॅस गेला" ऐकल्यावर पैसे मोजण्याआधी बाहेरचा पंखा फिरतोय का एवढं नक्की विचारा. काडी मात्र काकांसारख्या जाणत्याच्याच हाती द्या.