आजारपणाची रजा आणि हुद्दा

फौजेत सकाळी एम.आय. रूमबाहेर सिक रिपोर्टची रांग लागते. ती लांबली की मेसमध्ये एक शब्द हमखास ऐकू यायचा: चुकारपणा. आजचा इतिहास त्या शब्दाची झडती घेणारा आहे, आणि तो घडला लंडनमध्ये.

व्हाइटहॉल म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांचा रस्ता. भारताचा कारभारही एकेकाळी तिथूनच हाकला जायचा. १९६७ मध्ये तिथल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली. तेव्हा समज असा, की हृदयविकार हा साहेबलोकांचा रोग. जबाबदारीचं ओझं त्यांच्याच डोक्यावर ना! निकाल उलटा लागला. निरोपे, दरवान अशा तळच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिप्पट निघाला. यात बेकार कोणी नव्हतं, आणि सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून सर्वांना खुली होती. खालच्या श्रेणीत सिगारेटी जास्त ओढल्या जात हे खरं, पण तेवढ्याने हिशेब जुळेना.

१९८५ मध्ये मायकेल मार्मट यांनी दुसरा अभ्यास हाती घेतला. १०,३०८ कर्मचारी, या वेळी स्त्रियाही. आता रजेच्या नोंदीही तपासल्या गेल्या. पुरुषांमध्ये तळच्या श्रेणीच्या आजारपणाच्या रजा वरच्यांच्या सहापट! मग चुकारपणाच म्हणायचा? तर नाही. डॉक्टरच्या दाखल्यावर वारंवार लांब रजा घेणाऱ्यांमध्ये पुढे मृत्यूही जास्त झाले. सोंग करणारा एवढ्या थराला जात नाही.

कारणं शोधताना एक गोष्ट ठळक झाली: कामावरचा ताबा. काम किती, यापेक्षा ते कधी आणि कसं करायचं हे ठरवायची मुभा कोणाला. सचिवाकडे कामाचा डोंगर असतो, पण आधी कोणती फाईल उघडायची हे तो ठरवतो. निरोप्या घंटी वाजली की उठतो. हुकुमावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेलं, पण आकडे आकडे आहेत.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज तिच्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, पण २०१७ पासूनची पगाराची मर्यादा २१,००० रुपये, आणि तीही नोंदणी झालेल्या आस्थापनांत. नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणाऱ्या मजुराला रजाच नाही. तो आजारी पडला तर त्या दिवशी फक्त नाक्यावर दिसत नाही; नोंद कुठेच होत नाही.

जय हिंद.