भिंतीवरचे वचन आणि यिर्मयाचे पत्र

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन आपल्या ख्रिस्ती घरांत फार लाडके आहे. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, अशा अर्थाचे हे वचन कॅलेंडरवर असते, शुभेच्छापत्रावर असते. मी इतिहासाचा शिक्षक. त्यामुळे कोणतेही वाक्य वाचले की ते कोणी, कोणाला व केव्हा म्हटले, हे विचारायची खोड अजून गेलेली नाही.

हे वचन एका पत्रातले आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. मातीच्या पाटीवरील बाबेलच्या बखरीतही ही नोंद आहे. ती पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर, लोहार या सर्वांना बाबेलला नेण्यात आले. यरुशलेमात मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना हे पत्र धाडले.

लोकांना तेव्हा दुसरेच ऐकायचे होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू त्याने सर्वांसमक्ष मोडले. यिर्मयाचे पत्र मात्र म्हणत होते की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत येणे होईल, पण सत्तर वर्षांनी.

सत्तरी ओलांडल्यावर या आकड्याचे वजन कळते. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. हिताच्या संकल्पाचे आश्वासन त्यांनाच दिलेले आहे!

पुढे इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम जळाले. हनन्याची दोन वर्षे हवेत विरली. आणि बंदिवान? त्यांच्या जीवनाची माहिती देणाऱ्या मातीच्या पाट्या 2014 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. सर्वांत जुनी इ.स.पू. 572 ची आहे. त्यांत 'यहूदाचे गाव' अशा अर्थाच्या नावाची वस्तीच आहे. तिथे यहूदी माणसे शेती करतात, कर भरतात, करार करतात. म्हणजे ती खरोखरच तिथे रुजली होती.

आज आपण यातून काय घ्यावे? हनन्या अजून संपलेला नाही. माझ्या ओळखीच्या एका आजारी बाईंना, या वर्षात तुम्ही बऱ्या व्हालच, असे प्रार्थनेत ठासून सांगण्यात आले. त्या गेल्या. घरच्यांच्या वाट्याला दुःख तर आलेच, शिवाय आपलाच विश्वास कमी पडला का, हा सलही राहिला. खोटी तारीख देणे हे सांत्वन नव्हे. यिर्मयाने मुदत लांबची सांगितली, पण देव त्या लांबच्या वाटेवरही सोबत आहे हे सांगितले.

दुसरे असे की मूळ हिब्रू भाषेत या अकराव्या वचनात 'शालोम' हा शब्द आहे. शांती, क्षेम, कल्याण हे सगळे त्यात येते. सातव्या वचनात तोच शब्द तीनदा आला आहे, आणि तिथे तो बाबेल शहरासाठीही आहे. त्या शहराच्या शालोममध्येच तुमचे शालोम, असे यिर्मया सांगतो. शत्रूच्या शहराबद्दल हे सांगायला केवढी छाती लागली असेल!

मग आपले गाव तर आपलेच आहे. तिथली शाळा, तिथले पाणी, शेजारच्या घरातले आजारपण, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, आपल्या प्रार्थनेत आणि कामात असायला हवे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांनीही जिथे आहेत तिथले होऊन राहावे.

अकरावे वचन भिंतीवर जरूर लावा. मात्र सातवेही त्याच्या शेजारी असू द्या.